परदेशी शिकायला जाताना गावचं बियाणं बॅगेत टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, पण दोन ओळीत सांगून होणारा हा विषय नाही. जमलं तर पूर्ण छापा, नाहीतर निदान मधला भाग तरी छापा, कारण तो बऱ्याच घरांच्या उपयोगाचा आहे.

जपानमध्ये शिकायला येणाऱ्या मराठी मुलांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. इथं सेमिस्टर एप्रिलला आणि ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळं दरवर्षी ऑगस्ट उजाडला की ग्रुपवर तेच प्रश्न, कुकर आणू का, गोडा मसाला किती आणू, औषधं चालतात का. यंदा एका मुलीनं विचारलं की माझे इथले प्रोफेसर पिकांवर काम करतात, तर आमच्या गावचं देशी बियाणं थोडं सोबत आणलं तर चालेल का. आणि खाली पटापट उत्तरं आली, आण की, सर खूश होतील. कपड्यात गुंडाळून टाक, एवढंसं कोण बघतंय. एकानं तर लिहिलं की आपलंच बियाणं आहे, आपल्याला कोण अडवणार. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, कारण साडेतीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच म्हटलं होतं आणि अगदी हेच केलं होतं.

मी मूळची आजरा तालुक्यातली. शेती थोडी, निम्मी डोंगराला लागून, पावसाला तोटा नाही. नाचणीला आमच्याकडं नाचणा म्हणतात. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, दरवर्षी एक नाचणा लावते तो मी दुसऱ्या कुणाच्या रानात बघितला नाही. कणीस मूठ आवळल्यासारखं घट्ट, दाणा काळपट तांबडा, भाकरी जरा चिकट होते पण गोड लागते. आणि मुख्य म्हणजे हस्ताचा पाऊस लांबला की बाकीच्यांच्या नाचण्याला कणसातच कोंब फुटायला लागतात तेव्हा हिचा नाचणा तसाच्या तसा राहतो, असं आत्ती म्हणते आणि मीसुद्धा दोनदा डोळ्यानं बघितलंय. आता आमच्या लॅबमध्ये काम चालतं ते नेमकं यावरच. जपानात गहू काढायला येतो तेव्हाच इकडचा पावसाळा सुरू होतो, ओंबीत कोंब आले की पिठाची वाट लागते, म्हणून कोंब कशानं थांबतो हे शोधायला इथं पैसे मिळतात, माणसं मिळतात. मी प्रोफेसरांना आत्तीच्या नाचण्याबद्दल सांगितलं तर ते उठून उभेच राहिले. मला काय आनंद झाला होता सांगू. त्याच रात्री भावाला फोन केला, आत्तीकडनं पावशेर नाचणा घे आणि पोस्टानं पाठव.

भावानं पाठवला. कापडी पुरचुंडी, वर प्लास्टिकची पिशवी, वर खोका. दोन-तीन आठवड्यांनी माझ्या हातात आलं ते मात्र बियाणं नव्हतं, पत्र होतं, इथल्या वनस्पती तपासणी खात्याचं. निर्यात करणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र सोबत नाही, हे पहिलं. आणि दाण्यांना मातीसारखा पदार्थ चिकटलेला आहे, हे दुसरं. जपान परदेशातली माती देशात येऊच देत नाही. ती माती नव्हती हो, राख होती, चुलीतली राख. आत्ती बियाणाला राख चोळूनच गाडग्यात भरते, वर कडुनिंबाचा पाला, वर फडकं, तसंच तिच्या सासूनं शिकवलेलं. भावानं गाडग्यातलं तसंच्या तसं काढून दिलं होतं. ते सगळं बियाणं नष्ट करून टाकलं त्यांनी. आणि त्यांची चूक नव्हती, हे मला आज कळतं, त्या दिवशी मात्र मी लॅबच्या जिन्यात बसून रडले होते.

प्रोफेसर रागावले नाहीत. मला घेऊन ते आमच्या विद्यापीठाच्या एका छोट्या ऑफिसात गेले, तिथं दोन माणसं फक्त याच कामाला आहेत, परदेशातून संशोधनासाठी येणारी झाडं, बियाणं, प्राणी, जंतू यांची कागदपत्रं बघणं. तिथं समजलं की विद्यापीठाचा यावर लेखी नियम आहे आणि मी रुजू होताना त्यावर सहीसुद्धा केलीय. वाचला नव्हता. नियम थोडक्यात असा, की परदेशातलं कुठलंही झाड, बी, पान, प्राणी, बुरशी, बॅक्टेरिया, त्याचा तुकडा किंवा त्यातून काढलेला डीएनए संशोधनासाठी आणायचा तर आणायच्या आधी, आणल्यानंतर नव्हे, या ऑफिसला कळवायचं. मग ते बघतात तो देश कुठला, त्याचा कायदा काय म्हणतो, परवानगी कोण देतं. त्या देशाची परवानगी आणि देणाऱ्यासोबतचा लेखी करार हातात आल्याशिवाय वस्तू लॅबच्या दारातून आत येत नाही. पुढं दुसऱ्या लॅबला द्यायची झाली तर कागदही सोबत जातात. ठरलं त्यापेक्षा वेगळं काम करायचं झालं, विशेषतः धंद्याचं, तर परत त्या देशाकडं जायचं. आणि क्वारंटाइन हा वेगळा विषय, त्याची परवानगी वेगळी. कीड-रोग येऊ नये म्हणून एक, आणि हक्क कुणाचा यासाठी दुसरी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नसतं, आणि आपल्या बहुतेक मुलांची गल्लत इथंच होते.

त्यांनी एक फॉर्म पुढं ठेवला. त्यात देणाऱ्याचं नाव असा रकाना होता, त्यात मी लिहिलं, नातेवाईक. त्या बाईंनी खूप मऊपणे विचारलं, यांना माहीत आहे का तुम्ही यावर काय संशोधन करणार आहात? मी म्हटलं, माझी आत्तीच आहे ती. त्या म्हणाल्या, हो, पण त्यांना माहीत आहे का?

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री आत्तीला फोन लावला. ती पहिल्यांदा काय म्हणाली, पोचलं काय गं बियाणं, तिकडं पाऊस लागतोय का, तरवा कवा टाकतीस? तिला वाटलेलं मी जपानात नाचणा लावणार आहे. पेरायला मागितलं म्हणून तिनं दिलं होतं, तेही निवडून, कणसातले वरचे दाणे काढून. पेरायला मागितलेल्या बियाणाला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. पण मी ते पेरणार नव्हते, मी ते फोडून त्यातला डीएनए काढणार होते, त्यातलं कुठलं जीन कोंब थांबवतं ते शोधणार होते, पेपर छापणार होते आणि उद्या त्यातून कुणी पेटंटला गेलं असतं तर त्या कागदावर आत्तीचं काय, आजऱ्याचंसुद्धा नाव आलं नसतं. हे तिला सांगितलंच नव्हतं, कारण सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. सुचलं कुणाला, तर एका परक्या देशातल्या कारकून बाईंना, आणि त्यांना ते सुचलं कारण नियमानं त्यांना विचारायला लावलं. म्हणून मी आज या नियमांच्या बाजूनं लिहितेय, आणि ज्यांना हे नियम म्हणजे नुसती कागदी कटकट वाटते त्यांच्यासाठी लिहितेय.

हे कुठून आलं ते थोडं सांगते. १९९२ साली रिओला जैवविविधतेचा करार झाला, त्यात पहिल्यांदा मान्य झालं की कुठल्या देशातलं झाड-झुडूप, बी-बियाणं, जंतू यावर त्या त्या देशाचा हक्क आहे, ते काही सगळ्या जगाचं फुकटचं रान नाही. न्यायचं तर आधी विचारायचं, अटी ठरवायच्या, आणि फायदा झाला तर वाटा द्यायचा. पण ते राबवायचं कसं हे ठरायला २०१० उजाडलं, तेव्हा जपानातच, नागोया शहरात, त्याचा प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार झाला, तो १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. भारत २०१२ मध्येच त्यात आला. जपान स्वतः यजमान असून २०१७ मध्ये आला, आणि तेव्हापासून इथली विद्यापीठं आपापले नियम करायला लागली. खरं तर जपान स्वतःच्या देशातल्या झाडा-जंतूंसाठी अशी पूर्वपरवानगी कुणाकडं मागत नाही. पण दुसऱ्या देशाचं आणताना त्या देशाचा कायदा पाळा, हे मात्र ते आपल्या संशोधकांना बजावतात. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि आता आपल्या मुलांनी नीट वाचावं असा मुद्दा. आपला जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्याचं कलम ३ म्हणतं की परदेशी माणसाला भारतातलं जैविक साधन संशोधनासाठी घ्यायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. आणि त्याच कलमात पुढं, जो भारतीय नागरिक आयकर कायद्याप्रमाणे अनिवासी आहे, त्यालाही लागते. म्हणजे मला. पासपोर्ट भारताचा, सातबारावर वडिलांचं नाव, लहानपण त्याच बांधावर गेलेलं, तरी मी इतकी वर्षं इथं पगारावर राहते म्हणून माझ्या आत्तीच्या नाचण्यावर इथं संशोधन करायला मला चेन्नईची परवानगी लागते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भयंकर राग आला होता, आपल्याच घरात परकं केल्यासारखं वाटलं. आता वाटत नाही, कारण मी जिथं बसून काम करते तिथलं विद्यापीठ, तिथला पैसा, तिथलं पेटंट ऑफिस यांच्यासाठी काम करत असते. माझं गाव कुठलं यानं त्या कामाचा मालक बदलत नाही. हळदीचं आठवा ना. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम भरून येते यावर पेटंट मिळालं, आपल्या आज्या काय करत होत्या मग इतकी वर्षं, आणि ते संशोधन करणारे भारतीय वंशाचेच होते. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते तेव्हा, त्यांनी जुने ग्रंथ-दाखले पुढं ठेवून लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. कडुनिंबाचं पेटंट युरोपात २००० साली रद्द झालं आणि त्यावर शेवटचा शिक्का पडायला २००५ उजाडलं. म्हणजे चूक व्हायला एक अर्ज पुरतो, निस्तरायला वर्षं जातात.

खायला नेलेलं आणि संशोधनाला नेलेलं यात फरक आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच घाबरतील. तुम्ही नाचणीचं पीठ आणलं, भाकरी केली, खाल्ली, तर हा कायदा तुमच्या ताटापर्यंत येत नाही (एअरपोर्टचे नियम वेगळे, ते पाळायचेच). पण त्याच पिशवीतले चार दाणे तुम्ही लॅबमध्ये नेऊन त्यांच्या जीनवर किंवा त्यातल्या रसायनांवर काम सुरू केलं की त्या क्षणी ती वस्तू बदलते. दाणे तेच, पण आता ते संशोधनाचं साधन झालं. हे फक्त बियाणाचं नाही. लोणारच्या सरोवराचं पाणी बाटलीत भरून आणलं तर त्यातले खारट पाण्यात जगणारे जंतू हे जैविक साधनच आहे. देवराईतली बुरशी, गावठी कोंबडीचं रक्त, आजीच्या परसातल्या औषधी झाडाचं वाळवलेलं पान वहीत ठेवलेलं, सगळं त्यात आलं. आणि भारतातल्या लॅबमधून परदेशातल्या मित्राला कुरिअरनं डीएनएची ट्यूब पाठवणं, तिकडं सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) स्वस्तात होतं म्हणून, तेही देशाबाहेर जाणंच आहे, बॅगेतून गेलं काय आणि कुरिअरनं गेलं काय. २०२३ मध्ये कायद्यात बदल झाले, तुरुंगाची शिक्षा गेली पण दंड १ लाखापासून ५० लाखांपर्यंत होऊ शकतो. विद्यार्थ्याच्या घरच्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

मग सगळं बंदच करायचं का? अजिबात नाही, आणि इथं माझं मत जरा वेगळं आहे, बियाणं कुलपात घालून ठेवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपण आज खातो तो गहू बघा. जपानच्या इवाते प्रांतात १९३५ साली नोरिन १० नावाचा बुटका गहू तयार झाला, आणि त्याच्याही आईबापात अमेरिकेतून आलेले गहू होते. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये एक अमेरिकन कृषितज्ज्ञ त्याचं बी अमेरिकेला घेऊन गेला, तिथून ते मेक्सिकोत गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग यांच्याकडं पोचलं, त्यातून बुटक्या जाती झाल्या आणि १९६६ साली भारतानं मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं. आपल्या पोळीत इवातेचं जीन आहे, मी जिथं राहते तिथून रेल्वेनं जाता येतं त्या प्रांतात. आणि खुद्द नाचणा तरी आपला कुठं, तो हजारो वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून आलेला, तरी आज आत्तीशिवाय त्याची कल्पना करता येत नाही. मिरची, शेंगदाणा, बटाटा, साबुदाण्याचा कंद, गोव्याचा काजू, सगळं समुद्रापलीकडून आलंय, उपवासाचं ताटसुद्धा परदेशी बियाणावर उभं आहे. बियाणं फिरलं म्हणून आपण जगलो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की फिरू द्या, पण देणाऱ्याचं नाव आणि होकार सोबत फिरू द्या. १९४६ साली जपानला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारण्याची पद्धत आहे, तर ती वापरायची.

आणि ती वापरता येते, हे मी अनुभवावरून सांगते. माझ्या फजितीनंतर प्रोफेसरांनी आधी साधा मार्ग शोधला. अन्न-पिकांच्या बियाणासाठी एक वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, २००४ पासून लागू, त्याच्या यादीत ६४ पिकं आणि चारापिकं आहेत, नाचणी त्यात आहे (भुईमूग नाही, याचं मला अजून नवल वाटतं). हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटची, म्हणजे कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, जी बियाण्यांची बँक आहे तिथून एक ठरलेला छापील करार करून नाचणीचे नमुने मिळतात, आणि ते तिथल्या एनबीपीजीआरच्या (पिकांचे वाण जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या) केंद्रात तपासून, प्रमाणपत्रासकट येतात. आमच्याकडं तसेच आले, स्वच्छ, प्रत्येक पाकिटावर नंबर, राखेचा कण नाही. आमचं निम्मं काम त्यावर झालं. पण आत्तीचा नाचणा कुठल्याच बँकेत नाही, तो आत्तीच्या गाडग्यातच आहे, त्याला हा मार्ग नाही, त्याला चेन्नईचाच.

तो मार्गही चालतो. नागोया प्रोटोकॉलखाली रीतसर परवानगी घेतल्याचं जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र कुणी दिलं माहितीय? भारतानं, २०१५ साली, आणि ते कुठल्या मोठ्या औषध कंपनीला नव्हतं, इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या एका संशोधकाला होतं, गुजरातमधल्या सिद्दी लोकांच्या औषधी ज्ञानाच्या अभ्यासासाठी. हे वाचून मला धीर आला. पण वेळ लागतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पीएचडीचा काळ तीन वर्षांचा, फेलोशिप दोन वर्षांची, त्यात आठ-दहा महिने कागदात गेले तर मूल रडकुंडीला येतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. फॉर्ममध्ये गावाचा, तालुक्याचा, ग्रामपंचायतीचा तपशील मागतात, किती ग्रॅम, कुठल्या महिन्यात, कुणाकडून, उरलेलं काय करणार, आणि मी इथं बसून भावाला फोनवर विचारत होते की आपल्या गावात जैवविविधता समिती आहे का. भावानं ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. समिती होती, कागदावर. सदस्यांपैकी एकाला आपण सदस्य आहोत हे भावानं सांगितल्यावर कळलं.

यावर मला खरंच कळकळीनं बोलायचंय. कायदा म्हणतो की गावच्या हद्दीतल्या जैविक साधनाबद्दल निर्णय घेताना प्राधिकरणानं आणि राज्याच्या जैवविविधता मंडळानं या समितीला विचारायचं. गावानं आपली लोकजैवविविधता नोंदवही करायची, कुठलं बियाणं कुणाकडं आहे, कुठलं झाड कशाला वापरतात. पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीसाठी किती वर्षं घालवली ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आता समजा आत्तीच्या नाचण्याची नोंदच त्या वहीत नसेल, तर उद्या दुसऱ्या कुणी तो नेला, न विचारता नेला, तर आत्तीनं कुठला कागद दाखवायचा? चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे आठवतात. नांदेड गावचा हा गरीब शेतकरी, १९८३ साली त्यांना आपल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या जपत जपत त्यांनी तांदूळ तयार केला, त्याला घड्याळाचं एचएमटी नाव पडलं, आणि तो तांदूळ कुठं कुठं पोचला, लोकांनी त्यावर पैसे केले. दादाजी २०१८ मध्ये हलाखीत गेले. त्यात परदेश कुठं नव्हता, पासपोर्ट नव्हता, सगळी आपलीच माणसं. म्हणून मला परदेशी विद्यापीठांना नावं ठेवायची घाई आवडत नाही. आज माझं इथलं विद्यापीठ देणाऱ्या शेतकऱ्याचं नाव विचारतंय. आपल्याकडच्या किती लॅबमध्ये गावातून आणलेल्या कणसाच्या पिशवीवर शेतकऱ्याचं नाव लिहितात? मी एमएस्सी केलं तिथं आम्ही ट्रिपला जाऊन पोतंभर नमुने आणायचो, पिशवीवर गावाचं नाव, तारीख, रोल नंबर. शेतकऱ्याचं नाव लिहायला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही लिहिलं नाही. मीही त्यातलीच.

उलट्या बाजूचंही बोलायला हवं. परदेशातून भारतात येणाऱ्या मुलांच्या बॅगेतही बियाणं असतं, गुरुजींसाठी, शेतकरी काकांसाठी, इथलं टरबूज गोड आहे म्हणून चार बिया. संशोधनासाठी परदेशी बियाणं भारतात आणायचं तर एनबीपीजीआरचं आयात परमिट लागतं, तपासणी लागते, आणि ज्या देशातून आणतो त्या देशाचा होकारही लागतो, जसा आपल्याला आपला हवा तसा. पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा दिसलेलं गाजर गवत आठवा, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं मानतात, आज बांधावर, रेल्वेच्या कडेला, शाळेच्या मैदानात, कुठं नाही ते? माझ्या वडिलांच्या हाताला त्याची खाज दर पावसाळ्यात येते. चार बियांनी काय होतंय असं कुणी म्हटलं की मला वडिलांचे हात दिसतात.

माझ्या मागण्या फार नाहीत. आपल्या विद्यापीठांनी आणि कृषी महाविद्यालयांनी परदेशी जाणाऱ्या मुलांना एक तास याची माहिती द्यावी, व्हिसाची देतात तशी. प्रत्येक विद्यापीठात एक टेबल असावं जिथं एक माणूस हे फॉर्म भरायला मदत करेल, इथं माझ्या विद्यापीठात दोनच माणसं आहेत आणि त्या दोघांनी माझं वर्ष वाचवलं असतं, मी आधी गेले असते तर. जी मुलं जैविक विषयात पीएचडीला निघालीत त्यांनी ॲडमिशन नक्की झाल्या दिवशीच तिथल्या विद्यापीठाला लिहावं की तुमचा नियम काय, आणि शक्य असेल तर काम असं आखावं की बियाणं भारतातच राहील, तिथल्याच एखाद्या भारतीय संस्थेशी रीतसर भागीदारी करून. प्रयोग भारतात करून नुसती डीएनएची माहिती फाइलमधून परदेशात पाठवली की सुटलो असंही समजू नये, त्याचाही वाटा द्यायचा विषय आता जगात मान्य झालाय, २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात त्यासाठी फंड उभारायचं ठरलं. आणि प्राधिकरणाला विनंती की विद्यार्थ्यांचे, निव्वळ अभ्यासाचे अर्ज वेगळ्या रांगेत घ्या, त्यांना मुदत सांगा, मराठीत माहिती द्या. नियम कडक असावेत, पण विचारायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळावं, नाहीतर लोक विचारायचंच सोडतात आणि परत कपड्यात गुंडाळून नेतात.

आत्तीला मी मागच्या दिवाळीत गेले तेव्हा सगळं समजावून सांगितलं, जीन, कोंब, पेपर, पेटंट, चेन्नई. भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, म्हणजे माझं नाव लिवणार व्हय त्यात? मी म्हटलं, लिहायलाच लागतंय. तर म्हणाली, माझं नको, तुझ्या आजीचं लिव, बियाणं तिचं हाय. आता फॉर्मच्या त्या रकान्यात दोघींची नावं आहेत. ग्रामपंचायतीनं या गणपतीनंतर समितीची बैठक घ्यायचं कबूल केलंय, नोंदवहीत आजऱ्याच्या घनसाळ तांदळासोबत आमच्या भागातले सगळे नाचणे लिहायचे ठरलेत. माझा अर्ज गेलाय, उत्तर यायचंय.

ग्रुपवरच्या त्या मुलीला मी वेगळा मेसेज करून सगळं सांगितलं, तिनं बियाणं ठेवून यायचं ठरवलंय. पण ऑक्टोबरच्या बॅचची बाकीची मुलं सप्टेंबरच्या शेवटी निघतात, बॅगा त्याआधी आठवडाभर भरतात, आणि इंग्लंडला जाणारी तर त्याच्याही आधी. त्यापूर्वी हे पत्र छापून आलं तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक
(मूळ गाव आजरा तालुका, जि. कोल्हापूर, सध्या जपान. नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)